पाण्यातले देव

आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, देवाशी बोलायची खोड. पोथी वाचणं, जप करणं असलं काही नाही. शेजारणीशी बोलावं तसं. सकाळी पीठ मळताना सुरू व्हायची. "देवा, भाकरी थापताना मोडू देऊ नको, पीठ जुनं हाय." दळणाचा डबा डोक्यावर घेतला की, "गिरणीवर लाईट असू दे रं बाबा." गॅसची टाकी हलवून बघायची आणि म्हणायची, "एवढा आजचा च्या होऊ दे, उद्याचं उद्या बघू." भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, पोटी मूलबाळ नाही, आमच्याच घरात राहते. तिचं सगळं बोलणं देवघराकडे तोंड करून.

माझा जीव नुसता कावायचा. मी अंगणवाडीची बाई. दिवसभर पोरांमागे ओरडून घसा बसलेला, घरी यावं तर ही देवाला सांगतेय की मांजरानं दूध सांडलं. मी म्हणायचे, "अक्का, देव काय तुमचा सालगडी हाय का? सगळ्या जगाचा कारभार बघायचा त्यानं का तुमच्या टाकीत डोकं घालायचं?" ती हसायची. म्हणायची, "त्याला बारक्या गोष्टीचा कंटाळा असता तर एवढ्या मुंग्या कशाला केल्या असत्या?" कपाळ!

माझं म्हणणं सरळ होतं. देवाकडे मागणं म्हणजे ठेवणीतलं लुगडं. ते रोज नेसून विटवायचं नसतं. घडी घालून पेटीत ठेवायचं आणि खरी वेळ आली की बाहेर काढायचं. मी कधी भाकरी मागितली नाही, पाऊस मागितला नाही, स्वतःच्या दुखण्यातसुद्धा हात जोडून गप्प बसले. म्हटलं, वेळ येईल तेव्हा एकदाच मागू, मग त्याला नाही म्हणायला तोंड राहणार नाही.

ती वेळ मागच्या हिवाळ्यात आली.

लेक राहात्याला दिलेली. पहिलंच बाळंतपण आणि तेही जुळं. विहीणबाईंनी मोठ्या हौसेनं डोहाळेजेवण केलं, ओटी भरली आणि म्हणाल्या, "पहिलं माहेरी, दुसरं आमच्याकडं. रीत हाय ती." रीतच ती, आम्हीही आनंदानं आणली. आमचं गाव कर्जतच्या पुढं, कोरडवाहू, चहूकडे ज्वारी आणि मोठा दवाखाना म्हणाल तर थेट नगरला. पण दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. अक्कानं दोन जुनी मऊ लुगडी काढली आणि दुपटी शिवायला बसली, एक हिरवं, एक जांभळं. डोळ्याला कमी दिसतं, त्यामुळे दर टाक्याला, "देवा, दोरा जाऊ दे." मी म्हटलं, "आणा इकडं, मी ओवते." तर म्हणे, "राहू दे, त्याला सांगितलंय."

एका सकाळी मी अंगणवाडीत एका पोराला वजनाच्या झोळीत ठेवत होते, तेवढ्यात आमचे मालक धावत आले. लेकीच्या अंगावरून पाणी गेलं होतं. सातवा महिना सरत होता नुसता.

शेजाऱ्याची जीप काढली. मागच्या सीटवर लेक माझ्या मांडीवर, पायाशी अक्का. ऊसतोडीचे दिवस, रस्ताभर ट्रॅक्टर, आणि एकेकाला दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या. मिरजगावच्या पुढं एक ट्रॉली अशी आडवी आली की जीप जागची हलेना. लेक विव्हळतेय आणि ही अक्का डोळे मिटून, "देवा, एवढी ट्रॉली बाजूला घे. आता पुढची. आता त्या खड्ड्यात हळू जाऊ दे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, "अक्का, ट्रॉल्या कसल्या मागताय! लेकरं मागा, लेकरं!"

ती डोळे न उघडता म्हणाली, "अगं, दवाखाना ट्रॉलीच्या पलीकडंच हाय न्हवं?"

दवाखान्यात नेल्या नेल्या बाळंत झाली. मुलगा आणि मुलगी. डॉक्टरांनी वजनं सांगितली. दुसऱ्या एखाद्या आजीनं विचारलं असतं, म्हणजे किती हो? मला कुणाला विचारायची सोय नव्हती. उभी हयात पोरांची वजनं करण्यात गेलेली माझी. कुठल्या आकड्याला आईला धीर द्यायचा आणि कुठल्या आकड्याला नुसतं डोक्यावरून हात फिरवायचा, हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. दोघांना काचेच्या पेट्यांत ठेवलं. नळ्या, वायरी, आणि त्या पसाऱ्यात माझ्या तळहाताएवढी दोन माणसं. कातडी इतकी पातळ की आतलं निळं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "ऊब आणि श्वास, सध्या एवढंच बघायचं. बाकी सांगता येत नाही."

मालकांना लेकीजवळ ठेवून, तिचे कपडे आणायला म्हणून मी अक्काला घेऊन गावी आले. कपड्यांना हातही लावला नाही, सरळ देवघरापुढं गेले. आमच्याकडं चांदीचे टाक आहेत, खंडोबाचा, भवानीचा, बहिरोबाचा, माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेले. शिवाय पितळेची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. मी तांब्याचं घंगाळ घेतलं, रांजणातलं पाणी ओतलं आणि एकेक देव उचलून आत बुडवला. ही आमच्याकडची शेवटची वाट. माणसाचं काही चालेनासं झालं की देव पाण्यात घालायचे. काम होईपर्यंत फूल नाही, दिवा नाही, नैवेद्य नाही. त्यालाही कळू दे जीव गुदमरतो म्हणजे काय होतं.

मी म्हटलं, "दोन्ही लेकरं. दोन्ही. आजवर तुझ्याकडं काय मागितलंय? हे एकच. दोन्ही घरी आल्याबिगर तू पाण्याबाहेर न्हाई."

अक्का दारात उभी होती. मग हळूच म्हणाली, "दिवाबी न्हाई लावायचा?"

"न्हाई."

"मग सकाळचं मी कुणाशी बोलू?"

"भिंतीशी बोला!" मी म्हटलं आणि पिशवी घेऊन परत नगरला निघाले.

दवाखान्यातले दिवस कसे गेले ते मला ओळीनं सांगता येणार नाही. सकाळ झाली हे कॅन्टीनच्या चहावरून कळायचं. लेकीला टाके, त्यात ताप, दूध थेंबाथेंबानं. ते थेंब काढून वाटीत द्यायचे, सिस्टर नळीतून पेटीतल्या पोरांच्या पोटात सोडायची. मी काचेला नाक लावून उभी राहायचे आणि मनात एकच घोकत राहायचे. दोन्ही लेकरं जगू देत. दुसरं काही नाही. एवढं मोठं मागणं होतं ते की त्याच्या खाली मीच चेंगरून गेले होते. ते कुठून धरायचं, कुठून उचलायचं तेच कळत नव्हतं. आज देव ऐकतोय का नाही, हे कशावरून ओळखायचं? मुलानं हात हलवला तर हो? मुलगी पिवळी पडली तर नाही?

आणि एका सकाळी मुलगा गेला. काही आवाज झाला नाही, काही नाही. यंत्र वाजलं, सिस्टर धावली, पडदा ओढला आणि डॉक्टर बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच. आई गं! मी किंचाळलेसुद्धा नाही. लेक आतल्या खाटेवर तापानं फणफणलेली, तिला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून पदर तोंडात कोंबला आणि जिन्यात जाऊन बसले.

मालक त्याला घेऊन गावी गेले. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बांधावरच्या बोरीखाली पुरला असं त्यांनी फोनवर सांगितलं. दुपारी विहीणबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "तुमच्याकडं पाठवायलाच नको हुती. आमच्या इथं दवाखाने दारात हायेत." ज्या तोंडानं रीत सांगितली त्याच तोंडानं! एरवी मी सोडली नसती बाईला. पण त्यांचाही नातू गेला होता, चष्म्याआडून धारा लागल्या होत्या.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. म्हणाली, "देव काढू का गं बाहेर?"

मला कळेचना. दोन्ही मागितले होते. एक गेला. आता काय करायचं असतं? याची रीत कुणी सांगून ठेवलेली नाही. काम झालं की देव बाहेर काढायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्धं बुडालं तर? माझ्या तोंडून शब्द निघाले ते माझे मलाच ओळखू आले नाहीत. "राहू द्या! बुडू द्या त्याला! एक घेतलंय त्यानं, दुसरं सुखरूप हातात दिल्याबिगर त्याला वर काढलंत तर माझ्याशी गाठ हाय, अक्का."

एखाददोन दिवसांनी ती एसटीनं आली. डब्यात बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लेकीला अळिवाची खीर, पिशवीत हिरवं दुपटं. पोरीनं चार घास खाल्ले आणि डोळे मिटले. आम्ही दोघी व्हरांड्यात आलो. बाहेर ऊन होतं, पण वाऱ्याला असली धार की स्वेटर घालूनही अंगावर काटा. अक्कानं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "तू रागावशील. मी देव काढलं पाण्यातनं."

पहिल्यांदा माझी नजर आतल्या दाराकडे गेली. पोरगी पेटीतच होती. मग मी अक्काच्या अंगावर धावले म्हणायला हरकत नाही. "काय केलंत हे? कुणी सांगितलं तुमाला? एक गेलं, दुसरं बी घालवायचंय का? आन् सुतकात देवाला हात लावला? काही लाज?"

"लावला," ती म्हणाली. "सकाळी उठले तर घंगाळात हात बुडवला. बरफ झालं हुतं पाणी. बाळकृष्ण तळाला पालथा पडलेला. मला न्हाई बघवलं. म्हटलं, तिकडं आपलं लेकरू काचेत, ऊब लागती म्हणून डॉक्टर दिवे लावून ठिवतेत, आन् ह्यो इथं गारठ्यात. थंडीला काय सुतक असतंय का? काढलं, पुसलं, कापसात गुंडाळून ठिवलं."

"तो देव हाय, अक्का! त्याला थंडी वाजत न्हाई!"

"मग त्याला पाण्यात गुदमरतंय असं तुला कसं वाटलं?"

मी जास्तच भडकले. इतकी वर्षं जे बोलायचं नाही म्हणून गिळलं होतं तेच नेमकं ओठावर आलं. "तुमी जलमभर बोलताय ना त्याच्याशी? टाकी, भाकरी, दोरा? मग भाऊजींच्या वेळी कुठं गेला हुता? का ते सांगायचं इसरला हुता?"

म्हणजे बघा, उचलली जीभ लावली टाळ्याला. ती रडेल असं वाटलं. रडली नाही. कठड्याला टेकून खाली बसली, गुडघे चोळत.

"सांगितलं हुतं की," ती म्हणाली. "रोज सांगितलं. आज दोन घास जाऊ दे, आज कूस बदलू दे, आज लघवीला होऊ दे. त्यातलं किती तरी झालं. शेवटलं न्हाई झालं."

"मग कशाला बोलता अजून?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काही खुळ्यासारखं विचारलंय. "मग कुणाशी बोलू?"

तेवढ्यात आतून सिस्टर आली. मुलीच्या आजी कोण, म्हणून विचारलं. पोरीचं अंग पेटीत असूनही मध्येच गार पडत होतं, त्यामुळे आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं ठरलं होतं, पण आईचा ताप उतरेना. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाची ऊब हवी होती. अक्कानं मला कोपरानं ढकललं. "जा. तुझं अंग कायम तापलेलंच असतंय."

तसल्यातही बोलली ती. मी हात कोपरापर्यंत धुतले, चोळी सोडली, वरून त्यांचा झगा घातला आणि मागे कललेल्या खुर्चीत टेकले. सिस्टरनं पोरीला पेटीतून काढून माझ्या दोन्ही छात्यांच्या मध्ये पालथं ठेवलं, डोक्याला टोपी, पाठीवर अक्काचं हिरवं दुपटं. वजन म्हणून काही लागेचना. चिमणी बसली तरी कळतं, ही कळत नव्हती. फक्त एक गार ओलसर जागा.

सिस्टर म्हणाली, "लवकर झालेली मुलं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. घाबरायचं नाही. तिनं सोडला आणि परत घेतला नाही, की तळपायाला टिचकी मारायची. आठवण करून द्यायची. मी इथंच आहे."

विसरतात! श्वास घ्यायला! मी मान वाकवून बघत राहिले. पाठ वर झाली, खाली गेली. वर झाली, खाली गेली. आणि थांबली. मी टिचकी मारली. दचकली आणि घेतला.

ती जगली, हे मला आज ठाऊक आहे. राहात्याला घर डोक्यावर घेते. पण त्या दुपारी ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी देवाला हाक मारायला गेले आणि तेच जुनं मागणं तोंडात आलं, जगू दे, सुखरूप घरी येऊ दे, आणि ते मला म्हणवेना. ते एवढं मोठं होतं आणि ही एवढीशी. तिच्यावर ठेवलं असतं तर ती दबून गेली असती. पाठ परत थांबली. मी टिचकी मारली आणि माझ्या तोंडून गेलं, "देवा, हा एक. एवढा एक घेऊ दे."

तिनं घेतला.

"आता हा एक."

मग माझं जे सुटलं ते सुटलंच. ठेवणीतल्या लुगड्याची घडी मोडली आणि मी ते तिथल्या फरशीवर लोळवलं. देवा, लाईट जाऊ देऊ नको. त्या सिस्टरला कुणी बोलवायला येऊ नये, ती इथंच राहू दे. माझ्या नाकाला खाज येतेय, शिंक येऊ देऊ नको, पोरगी दचकंल. माझ्या अंगात ऊब ठेव. विहीणबाईंना आत्ता फोन करायची बुद्धी नको. लेकीला खीर पचू दे. हा एक. आता हा. मला लाज वाटत नव्हती. अक्का काचेपलीकडे उभी होती आणि तिचेही ओठ हलत होते, ती काय मागत होती कुणास ठाऊक, बहुतेक परतीच्या एसटीत जागा.

पोरीचं अंग हळूहळू कोमट झालं. माझ्या कातडीला कळलं ते आधी. पाठीवरचं दुपटं सरकलं होतं, ते मी दोन बोटांनी वर ओढलं, हिरव्या काठाचं, वाकड्या टाक्यांचं. आणि मला दुसरं आठवलं. जांभळं. ते मी दवाखान्यात कुठं पाहिलंच नव्हतं. मी मान वर करून काचेकडे बघितलं, अक्काला दुपटं दाखवलं आणि नुसते ओठ हलवले, "दुसरं?"

तिनं दोन्ही हात छातीशी जवळ घेतले, लेकरू गुंडाळून घेतात तसे, आणि मग हात खाली करून जमिनीकडे दाखवलं.

त्याला त्यात गुंडाळून पाठवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. बोरीखाली, बांधावर, असल्या थंडीत. एका लुगड्याच्या चार पदरांचं दुपटं, ते किती ऊब देणार? त्याच्यासाठी मी सगळं आयुष्य एकदम मागितलं होतं. त्याला आज कसं वाटतंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

पाठ थांबली. मी टिचकी मारली. तिनं घेतला.

"देवा," मी म्हटलं, "त्याला थंडी वाजू देऊ नको."